राबाचा दिवस आता कुणी सांगायचा

आई, गेल्या आठवड्यात आपल्या अंगणात पाड्यातली माणसं जमली होती. तुमचं दिवसकार्य उरकलं, पाहुणे आपापल्या गावी गेले, आणि त्यानंतरची ही पहिलीच बैठक. विषय नेहमीचा, राब कधी भाजायचा. उन्हाळाभर तोडून आणलेल्या टहाळ्या, पालापाचोळा, शेण, गवत असं सगळं वाफ्यांवर अंथरून झालं होतं, आणि पावसाआधी ते जाळून राख केल्याशिवाय आपल्याकडे नागलीचं काय नि भाताचं काय, कुणी बी टाकत नाही. पाड्यातले वडीलधारे धाकलूबाबा ओट्यावर टेकले, त्यांनी निवांत तंबाखू मळली आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "दिवस म्हातारीच सांगायची. आता तू सांग."

मला आधी हसू आलं. साऱ्या पाड्यात राबाच्या धुराने जिचा श्वास कोंडतो ती मी एकटी. जिला दर वर्षी त्या दिवसांत जव्हारला नेऊन ठेवावं लागतं, ती पंपवाली सून. आणि राबाचा दिवस तिनेच सांगायचा. पण कुणी हसत नव्हतं. तुमच्या घराने दिवस सांगायचा ही रीत, आणि घरात आता बाईमाणूस मीच.

दिवस सांगायचा म्हणजे त्या दिवशी इथे असायचं. दिवस सांगून जव्हारला पळून जाणाऱ्या बाईचं पुढच्या वर्षी कोण ऐकेल? आणि आतल्या खोलीत तुमचा लेक कान देऊन बसला होता. तुम्ही गेल्यापासून त्याच्या डोक्यात एकच घोळतंय. घराला कुलूप लावायचं, जमीन धाकलूबाबांना अर्धेलीने द्यायची आणि कायमचं जव्हारला जायचं. तो शिकवतो ती शाळा तिकडे जवळ, तुमच्या नातीचं, नेहाचं, शिक्षण तिकडे, डॉक्टर तिकडे. "तुझ्या छातीसाठीच म्हणतोय," असं तो म्हणतो. आणि आई, तो खोटं बोलत नाही हीच पंचाईत आहे.

तर मी काय उत्तर दिलं ते तुम्हाला सांगायचंय. पण लगेच सांगितलं तर तुम्ही मध्येच बोलाल, म्हणून आधी खेकड्यांपासून सुरुवात करते.

माझं लग्न होऊन पहिलाच पावसाळा. जव्हारच्या कोरड्या खोलीत वाढलेली मी, आणि इथे भिंतींना ओल, गोधड्यांना बुरशी, चुलीवर टांगलेले ओले कपडे, घरभर धूर. मला खोकला लागला तो थांबेना. छातीतून शिट्टी वाजायची आणि तुम्ही भाकरी थापताना ती ऐकून म्हणायचात, "कोन गातंय?" दम्याचं मी लग्नाआधी सांगितलेलं होतं, पण दमा म्हणजे म्हाताऱ्यांचं दुखणं, तरण्या पोरीला कसला दमा, असं तुमचं मत. तुम्ही डोक्यावर इरलं घेतलंत आणि बांधाबांधाने फिरून खेकडे धरून आणलेत. खेकड्यांचा झणझणीत रस्सा प्यायला की छाती मोकळी होते, हे तुम्हाला तुमच्या आईने सांगितलेलं. मी नवी सून. समोर धरलेला वाडगा नाही कसा म्हणणार? प्यायले. चव काय अप्रतिम होती, म्हणून दुसऱ्यांदाही मागून घेतला.

मग माझे ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या आणि होता तो श्वासही आवळला. भर दुपारी शेजारच्या जीपमधून मला दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, काय खाल्लं होतं? आणि तुम्ही पदराखालून डबा काढलात. उरलेला रस्सा तुम्ही सोबत घेतला होता, इंजेक्शन झाल्यावर मला पाजायला. "ह्योच दिला," तुम्ही अभिमानाने म्हणालात आणि झाकण उघडून डॉक्टरांच्या नाकाखाली धरलंत. डॉक्टरांनी डब्याकडे बघितलं, माझ्या तोंडाकडे बघितलं आणि नर्सला म्हणाले, आधी तो डबा बाहेर न्या. मला तेव्हा श्वास घेता येत नव्हता, नाहीतर मी तिथेच हसून मेले असते.

मला खेकडे चालत नाहीत हे असं कळलं. त्यानंतर आपल्या घरात खेकडा शिजला नाही. तुम्हाला तो जिवापाड आवडायचा, त्यामुळे तुम्ही पावसाळ्यात धाकलूबाबांकडे 'कामाला' जायचात आणि येताना राखेने हात घासून, मिश्री लावून यायचात. मी विचारलं, आज काय होतं तिकडे? तर म्हणायचात, "माठाची भाजी." माठाच्या भाजीचं कवच दातात अडकलेलं मी तेवढं एकदाच पाहिलंय.

पंपाशी तुमचं वैर मात्र बरंच टिकलं. जव्हारच्या डॉक्टरीणबाईंनी दोन पंप दिले. एक रोजचा, बरं असो वा नसो, सकाळ-संध्याकाळ ओढायचा आणि चूळ भरायची. दुसरा अडीअडचणीचा, छाती आवळली तर. तुम्ही म्हणालात, "येकदा सवय लागली का सुटत नाय. दारूसारखं." मी रोजचा पंप ओढायचा कंटाळा केला की तुम्ही खूश, आणि मग महिन्याभरात मी पुन्हा अंथरुणाला. शेवटी डॉक्टरीणबाईंनी तुम्हालाच समोर बसवलं आणि विचारलं, आजी, रोपाला पाणी रोज लागतं की ते सुकल्यावर घालता? तुम्ही परतीच्या एसटीत खिडकीबाहेर बघत बसलात, आणि दुसऱ्या दिवसापासून मी पंप ओढला की नाही हे बघायला माझ्यापुढे येऊन उभ्या राहायला लागलात. रागावल्यासारख्या उभ्या राहायच्या. चूळ भरली की मगच चहा मिळायचा.

आणि तुमचं काही मधलं नसायचं. एकदा पटलं की देव्हाऱ्यापर्यंत. त्या दसऱ्याला तुम्ही कोयता, विळा, कुदळ, नांगराचा फाळ असं सगळं धुऊन पाटावर मांडलंत, आणि त्यांच्या रांगेत माझे दोन्ही पंप. "घराला ज्यानं तारलं ते अवजारच," तुम्ही म्हणालात. हळद वाहिली, कुंकू वाहिलं, झेंडूची फुलं वाहिली. मी मागच्या पडवीत भाकऱ्या करत होते. दुपारी छाती जरा आवळली म्हणून मी पाटावरचा पंप उचलला, झाकण काढून झटकन ओढला, आणि कुंकवाचा भपकारा थेट घशात. शिंका, खोकला, डोळ्यांतून पाणी, ओठ लालभडक. धाकलूबाबा तेव्हाच आपट्याची पानं घेऊन दारात आले आणि म्हणाले, सुनेनं पान कधीपासून सुरू केलं? तुम्ही झाकणाच्या आतही कुंकू लावलं होतं. तोंड तिथंच असतं ना त्याचं, असं तुमचं म्हणणं. मला आठवतंय, मी खोकत होते आणि हसत होते, आणि तुम्ही पदराने तो पंप पुसत त्याचीच माफी मागत होता.

अशा किती गोष्टी. तुम्ही चूल मागच्या पडवीत नेलीत, पण गॅसवरच्या भाकरीला शेवटपर्यंत भाकरी म्हणाला नाहीत. गोधड्या उन्हात टाकून काठीने बडवायच्या, तर ते काम मी घरात नसताना करायचात. मळणीच्या दिवसांत मला नदीवर धुणं धुवायला धाडायचात, घरात धुवायला काही नसलं तरी. धुतलेलंच पुन्हा धुऊन आणलंय मी कितीदा.

पण राबावरून आपलं कधी जमलं नाही. तो वाद अर्धाच राहिलाय, आई, आणि आता तो मी एकटीने कसा पुरा करू?

मी म्हणायचे, न भाजता रोप येतं. शेतीखात्याचा माणूस गादीवाफा करून दाखवून गेला होता. तुम्ही म्हणायचात, भाजलं नाही तर गवताचं बी कसं मरणार, त्याचा बाप येणार का निंदायला? एका वर्षी चिडून म्हणालात, कर तुझ्या मनासारखं, तो कोपऱ्यातला तुकडा घे. मी केला. रोप आलं, चांगलं हिरवंगार आलं, आणि त्याच्याहून हिरवंगार गवत आलं. मी दोन दिवस निंदून दमले. उरलेलं तुम्ही निंदलंत, कंबरेत वाकून, पावसात, रोज मला ऐकू येईल एवढ्या मोठ्याने पुटपुटत. लावणीला मी म्हणाले, बघा, रोप आलं की नाही? तुम्ही म्हणालात, गवत कोनी काढलं? दोघीही जिंकलो असं समजून आपण पुढे गेलो. पुढच्या वर्षी तुम्ही पुन्हा भाजलंत.

तुमचा उपाय वेगळा होता. प्रत्येकाने आपल्या सवडीने राब भाजायचा म्हटलं की इथे महिनाभर धूर हटत नाही. त्यापेक्षा अख्ख्या पाड्याने एकाच दिवशी भाजावं. तुम्ही दर वर्षी बैठकीत दिवस सांगायचात आणि वर दरडावायचात, "समद्यांनी त्याच दिवशी. माजी सून गुदमरते." मी आत मेल्याहून मेल्यासारखी व्हायचे. सगळे माना डोलवायचे आणि ज्याला जेव्हा वेळ मिळेल तेव्हा भाजायचा. तुम्ही मग वाऱ्याची दिशा बघून मला सांगायचात, धूर आज खालच्या अंगाला जाईल, तू ओट्यावर बस. आणि धूर सरळ ओट्यावर यायचा. तुम्ही वाऱ्याला शिव्या घालायचात आणि मला एसटीत बसवायचात.

जव्हारला घेतलेल्या भाड्याच्या खोलीत मी ते दिवस काढायचे. तुम्ही मध्येच भेटायला यायचात, नागलीचं पीठ घेऊन, आणि अंगाला राबाचा वास नको म्हणून पिशवीत धुतलेलं लुगडं आणायचात. स्टँडजवळच्या तुमच्या ओळखीच्या बाईकडे ते बदलून मगच माझ्या दारात. पण आई, केसांना वास असायचाच. तुम्ही जवळ बसून पाठीवरून हात फिरवायला लागलात की माझी छाती आवळायची. मी चहा ठेवते म्हणून आत जायचे, पंप ओढायचे आणि परत येऊन तुमच्याच शेजारी बसायचे. हे तुम्हाला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तुम्ही केस धुऊन, ओल्या केसांनी एसटीत बसून आला असतात, नाहीतर त्याहून वाईट म्हणजे आलाच नसतात.

असंच एकदा आपण जव्हारजवळच्या शिरपामाळावर गेलो होतो. तिथल्या वाऱ्यात माझा श्वास असा मोकळा चालतो की मला गावंसं वाटतं. फिरायला आलेली मंडळी फोटो काढत होती. तुम्ही लांब डोंगरामागे धुराचा एक पट्टा बघितलात आणि म्हणालात, तो बघ, आपल्या पाड्याचा. आपला पाडा खोडाळ्याकडचा, आणि तो धूर होता उलट्या बाजूला, जामसरकडे कुठेतरी. मी तसं सांगितलं. तुम्ही म्हणालात, "मला माझा धूर कळत नाय व्हय?" आपण दोघी तो परक्या गावचा धूर आपला म्हणून बघत बसलो, शेंगदाणे खात.

पाड्यात सगळ्यांना वाटायचं की मी आधी जाईन. मलाही तसंच वाटायचं. तुमच्या छातीला कधी काही झालं नाही, चढावर तुम्ही बोलत चालायचात आणि मी मागे धापा टाकत. त्या दुपारी डोकं जड झालंय म्हणून आडव्या झालात आणि उठलाच नाहीत. मी तुमच्या नाकाशी हात धरून कितीतरी वेळ बसले होते. श्वास म्हणजे काय हे मला इतरांपेक्षा जास्त कळतं, म्हणून मला खोटी आशाही करता आली नाही.

आणि तुम्ही गेल्यावर घरात अगरबत्ती लागली. आपल्या देव्हाऱ्यात तुम्ही कधीचीच बंद केलेली. देवाला फुलं चालतात, धूर सुनेला चालत नाही, संपलं. पण दिवसकार्याला आलेल्या नातेवाइकांना कुठे माहीत? प्रत्येकाने एकेक पुडा आणलेला. तुमच्या फोटोपुढे एवढा धूर झाला की मला तुमच्याजवळ येता येईना. मी अंगणात फणसाखाली उभी. तुमची धाकटी जाऊ म्हणाली, सासू गेली तर सून बाहेर काय करते? तेव्हा तुमचा लेक उठला, त्याने सगळ्या काड्या गोळा करून बाहेर मातीत खुपसल्या आणि दारं-खिडक्या उघडल्या. मग मी आत आले आणि तुमच्यासमोर बसून मनसोक्त रडले. रडूनही छातीला काही झालं नाही, याचं मला फार बरं वाटलं.

तर आता बैठकीचं.

मी दिवस सांगेना तेव्हा धाकलूबाबा म्हणाले, "पोरी, तुला जमनार नसंल तर तसं सांग. कोन काय म्हननार नाय." ते मायेने म्हणाले आणि मला ते मुळीच सोसलं नाही. मी म्हणाले, बाजाराच्या दुसऱ्या दिवशी. सकाळी. आणि सगळ्यांनी त्याच दिवशी. धाकलूबाबा म्हणाले, "तुजी सासू हेच सांगायची. आमी कुठं आयकलं?" मी म्हणाले, मग आता ऐका. ते म्हणाले, "बघू." त्यांच्या बघूचा अर्थ तुम्हाला वेगळा सांगायला नको.

डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्या आधी रागावल्या. मग म्हणाल्या, रोजचा पंप चुकवायचा नाही, राबाजवळ अजिबात जायचं नाही, दारं-खिडक्या लावून आत बसायचं, अडचणीचा पंप हातात, आणि त्याने लगेच बरं वाटलं नाही तर वाट बघत बसायचं नाही, तडक निघायचं. जीप अंगणात उभी करून ठेवली. दाराच्या फटीत ओली फडकी कोंबली. तुमचा लेक कित्येक वर्षांनी राबाशी उभा राहिला. बाहेर सगळा पाडा त्याला शिकवत होता, मास्तर, इकडून पेटवा, मास्तर, मागं सरा, आणि मास्तरांनी स्वतःची चप्पल जाळून घेतली. मी आत बसून ऐकत होते. दुपारी छाती आवळली. पंप ओढला, थांबले, मोजून मापून श्वास घेतला. सुटली. संध्याकाळपर्यंत धूर ओसरला होता. एकदम ओसरला होता, कारण अख्ख्या पाड्याने खरोखर त्याच दिवशी भाजलं होतं.

धाकलूबाबा सोडून. त्यांनी दुसऱ्या दिवशी भाजला. मला पुन्हा दार लावून बसावं लागलं. काम झाल्यावर ते खोकत खोकत आले, अंगणातच लांब उभे राहिले आणि म्हणाले, "समद्यांनीच आयकलं असतं तर म्हातारीला वाटलं असतं, आपन गेल्याबरुबर मानसं शहाणी झाली." मग चेहरा वळवून त्यांनी पंच्याने डोळे पुसले. धुरानेच चुरचुरले असतील.

रात्रीच्या जेवणाला तुमच्या लेकाने विचारलं, मग जव्हारचं काय करायचं? आई, इतक्या वर्षांत तुम्ही मला एकदाही इथे राहा म्हणाला नाहीत. माझ्या छातीसमोर तुम्हाला तो शब्द काढवत नसावा. बॅग भरून द्यायचात, एसटीत बसवायचात, आणि मी परत आले की आलीस का एवढंच. मला वाटायचं, म्हणतील कधीतरी. तुम्हाला वाटत असेल, ही आपणहून बोलेल कधीतरी. मी त्याला म्हणाले, नेहाला हवं तर तिकडे शिकू दे, तुमची शाळाही तिकडे जवळ, शनिवार-रविवार तुम्ही दोघं इकडे या. जमीन कुणाला द्यायची नाही. पाऊस पडला की नागली मी लावणार आहे.

मी इथेच राहतेय, आई. मला आधीपासून इथेच राहायचं होतं.